साडेसोळा किलोचे वीस

इंदिरानगर, नाशिक
१० नोव्हेंबर २०२४, रविवार

स्नेहल,

सवयीने ‘प्रिय’ लिहून बसले होते. खोडलं.

हे पत्र आज पोस्टात पडणार नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, मेलला उत्तर देत नाहीस, आणि आपल्या गाइड सरांना जाऊन सांगितलंस की रोशनी त्रास देते. ठीक आहे. मी तारीख घालून लिहीत जाणार आणि तुझ्या पीएचडीच्या व्हायव्हाच्या दिवशी सकाळी सगळा गठ्ठा तुझ्या हातात देणार. एकेक उघड आणि बघ, मी किती महिन्यांपासून तुझ्या वाटेवर बसले होते ते.

आज मी इतकी खूश आहे की सकाळपासून दोनदा चहा ठेवला आणि दोन्ही वेळा उतू घालवला. शेगडी अजून पुसलेली नाही.

सांगते. तू आणि सरांनी मिळून माझा विषय गिळलात, तेव्हा मला पुन्हा पहिलीत नाव घालावं लागलं. नवा विषय, नव्या गाइड. या मॅडम भलत्याच काटेकोर आहेत. म्हणाल्या, “व्यायामशाळेतल्या प्लेटांवर काय कोरलंय ते मला नकोय. प्रत्येक प्लेट काट्यावर ठेव, फोटो काढ, मग पुढचं बोलू.” मला रागच आला. लोखंड ते लोखंड, ते काय उपास करून बारीक होतं? पण गेले. सातपूरला, सावळीराम आण्णांच्या त्याच व्यायामशाळेत, जिथे आपण दोघींनी... आपण कसलं, मी! मी बारा आठवडे, आठवड्याला तीन दिवस, पंचावन्नच्या पुढच्या चाळीस बायकांकडून वजनं उचलून घेतली, आणि तू पंख्याखाली खुर्ची टाकून लॅपटॉपमध्ये आकडे भरलेस.

शेजारच्या भुसार दुकानातून काटा मागून आणला. पहिली प्लेट ठेवली. तिच्यावर ठसठशीत कोरलंय, वीस. काट्यावर आलं साडेसोळा.

मला वाटलं काटाच बिघडलाय. दुकानदाराला तसं म्हटलं तर तो खवळला, “ताई, माझ्या काट्यावर सरकारी शिक्का हाय. तुमच्या प्लेटीवर हाय का?” मग वीसच्या आठही प्लेटा चढवल्या. सोळा चारशे, सोळा सहाशे, पुन्हा साडेसोळा. दहाच्या निघाल्या सव्वाआठ. पाचच्या चारला शंभर-सव्वाशे ग्रॅम वर. एकूण एक प्लेट शंभरामागे सतरा-अठराने हलकी.

डोक्यात प्रकाश पडला का ग? त्या चाळीस बायकांनी जे जे उचललं, ते आपण कोरलेल्या आकड्याने लिहिलं. दांड्याचं वजन सोड, तो वेगळा. वीस-वीसच्या दोन प्लेटा म्हणजे चाळीस, असं आपण लिहिलं. खरे ते तेहतीस. तीस लिहिले ते खरे पावणेपंचवीस. आणि तेच आकडे उचलून तू पेपर छापलास, प्रबंध रचलास, वर एक तक्ताही केलास, की साठीच्या बाईने किती किलो उचलावेत.

चूक माझीही होती, नाही म्हणत नाही. प्लेट काट्यावर घालायचं मला सुचलं नाही. व्यायामशाळेत घाम गाळलेल्या कुणालाच ते सुचत नाही, कोरलंय तेच वजन मानून आम्ही मोठे झालो. पण तू माझी वही पळवलीस ना, ती चुकीसकट पळवलीस. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलीस, आत काय आहे ते न बघता.

आणि ते आभार! पेपरच्या शेवटी, बारीक अक्षरात, ‘स्थानिक मदतनीस : कु. रोशनी’. मी सुरगाण्याची, तू नांदगावची. नाशकात दोघी सारख्याच उपऱ्या. मग मी स्थानिक कशी आणि तू संशोधक कशी? प्लेटा मी वाहिल्या म्हणून? दोन वर्षं झाली, ते दोन शब्द माझ्या घशाखाली उतरलेले नाहीत.

मी कुणाला काही सांगणार नाही. मॅडमना नव्या अभ्यासापुरते आकडे दिले. तुझा प्रबंध याच प्लेटांवर उभा आहे हे त्यांना ठाऊक नाही. तुझी व्हायव्हा मार्चात आहे म्हणे. खुली. म्हणजे कुणीही येऊन बसावं आणि प्रश्न विचारावा. मी येणार आहे.

रोशनी


१५ डिसेंबर २०२४, रविवार

स्नेहल,

आज सावळीराम आण्णांना धरलं. म्हटलं, आण्णा, प्लेटा हलक्या कशा? तर हा माणूस लाजायचं सोडून खो खो हसायला लागला.

“ताई, तुमाला आज कळलं व्हय? मेव्हन्याच्या फाउंड्रीतून मुद्दाम तशाच वतून घेतल्यात.”

“मुद्दाम?”

“मंग काय! पोरगं शंभर उचलतंय म्हनून फोटू टाकतं, मित्राला घेऊन येतं. साडेब्याऐंशी हाय म्हनून सांगितलं तर माझ्याकडं कोन येईल? समोरच्या जिममदी जाईल.”

“पण आण्णा, आमचा अभ्यास होता!”

“तुमी इचारलं व्हतं का मला? आन बायांना बळ आलं का नाय? आलं. मंग?”

खरं सांगू, त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. सगळ्याच प्लेटा सारख्या हलक्या, त्यामुळे बाईचं बळ किती टक्क्यांनी वाढलं हा हिशेब तसाच राहतो. म्हणूनच पेपर तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. पण तुझा तक्ता टक्क्यांत नाही, किलोंत आहे. म्हाताऱ्या बायकांसाठी व्यायामकेंद्रं काढणाऱ्या त्या ‘आजीबळ’वाल्यांना तू तोच विकलास. विकलास हा शब्द मी जपून वापरत नाहीये.

तीन दिवस मी प्रश्नाची तालीम करतेय. आरशासमोर, दोन्ही हात ओढणीत धरून, आवाज मऊ ठेवून. “मॅडम, एक साधी शंका आहे. आपण वापरलेल्या वजनांचं वजन केलं होतं का?” बस, एवढंच. तू म्हणणार, हो, अर्थातच. कारण तू कधी ‘नाही, राहिलं’ म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. मग मी फोटो काढणार. आठ प्लेटा, आठ फोटो. पहिल्या रांगेत सर बसलेले असतील, तुझे आई-बाबा नांदगावहून पेढे घेऊन आलेले असतील. मला त्या पेढ्यांचा पुडा तसाच बांधलेला परत जाताना बघायचाय.

वाईट वाटतंय ऐकून? मलाही वाटलं होतं. मी भावाच्या लग्नाला गावी गेले आणि तू म्हणालीस, “निवांत जा ग, आकडे मी नीट लावून ठेवते.” वही तुझ्या हातात देताना मी तुला मिठी मारली होती, आठवतं? तुला डेंग्यू झाला तेव्हा रिक्षा मिळेना म्हणून मी तुला पाठीवर घेऊन चौकापर्यंत गेले होते. तुझं वजन त्रेपन्न. ते मात्र खरं होतं, मला अंगाने कळलं होतं. लग्नाहून परतले तर खोलीतलं तुझं कपाट रिकामं, आणि चार महिन्यांनी पेपर.

सरांकडे गेले तर सर म्हणाले, “मोजमाप तू छानच करतेस रोशनी, पण लिखाण तिचं आहे ना.” वर नाकाने कांदे सोलत म्हणाले, संशोधनात मीपणा बरा नव्हे.

येतेय मी मार्चात माझा मीपणा घेऊन.

रोशनी


९ जानेवारी २०२५, गुरुवार

स्नेहल,

वर्तमानपत्रात फोटो पाहिला. तू फीत कापतेस, मागे नऊवारीतल्या आज्या टाळ्या वाजवतायत. जिल्ह्यात बारा केंद्रं! आणि पहिलंच माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर. तुला दुसरी जागा मिळाली नाही?

न राहवून जाऊन आले. शतपावली करावी तशी सहज फिरून आले. काय थाट आहे ग! गुळगुळीत फरशी, भिंतभर आरसे, रंगीत रबरी प्लेटा. कुणी बघत नाही असं पाहून एक वीसची उचलली. बारा वर्षं लोखंड उचललंय मी. हाताला लगेच कळलं, पुरेपूर वीस. चोख माल. भिंतीवर तुझा तक्ता मोठ्ठा करून लावलाय. खाली ओळ : ‘ज्यांनी पूर्वी प्रशिक्षण घेतले आहे त्यांनी आपल्या कमाल वजनाच्या ऐंशी टक्के वजन आठ वेळा उचलून सुरुवात करावी.’

मी हसत हसत बाहेर पडले. खोटा तक्ता आणि खरी वजनं. तू जितकी वर चढशील तितकी बरी, पडल्याचा आवाज लांबपर्यंत जाईल.

काही होणार नाही कुणाला. नव्या बायका पाच-सातच्या वर जात नाहीत, मी ओळखते त्यांना.

हां, यशोदाबाईंचा फोन आला होता. आपल्या चाळिसांतल्या, पॅकिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं खोकी उचललेल्या, दांडा उचलण्याआधी त्याला हात लावून नमस्कार करायच्या त्या. आता मुलाकडे इंदिरानगरला राहतात. तुझ्या केंद्रात जायचं म्हणत होत्या. दोन मिनिटं बोललो, ठेवला.

तुझ्या व्हायव्हाची तारीख लागली. एकवीस मार्च, अकरा वाजता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल केलाय.

रोशनी


१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

स्नेहल,

यशोदाबाई पडल्या. म्हणजे पडल्या नाहीत, उभ्याच होत्या. तुझ्या केंद्रात, शुक्रवारी सकाळी, दांडा उचलताना सहाव्या वेळेला कमरेत ‘कट्’ झालं आणि त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. सुनेने, मीनाने, आत्ता फोन केला. मणका दबलाय. चौसष्टाव्या वर्षी.

बघितलंस काय केलंस? बत्तीस किलो लावले तुझ्या केंद्रातल्या पोरीने त्यांना. चाळीसचे ऐंशी टक्के, बत्तीस, तुझ्या तक्त्याप्रमाणे बिनचूक! त्या बाईने आयुष्यात सगळा जीव एकवटून उचललेलं वजन होतं तेहतीस, तेही एकदा. आणि तू तिला बत्तीस आठ वेळा उचलायला लावलंस. सहापर्यंत गेली ती! चोरटे, तुझ्या एका पेपरापायी एका बाईचा कणा मोडला.

मी रडतेय आणि लिहितेय, अक्षर लागलं नाही तर लाव.

मॅडमना सांगावं असं मनात आलं. फोन हातात घेतलाही. पण आत्ता सांगितलं तर काय होईल ते मला ठाऊक आहे. सर सारवासारव करतील, तू एक गोडसं दुरुस्तीपत्रक काढशील, एकवीस मार्चला पेढेही वाटशील. नाही. आता माझ्याकडे नुसते काट्याचे फोटो नाहीत, एक्स-रे आहे. मीनाकडून तो फोनवर मागवून घेतला. पाच आठवडे राहिलेत. तेवढे थांबते.

रोशनी


१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

स्नेहल,

आज दवाखान्यात जाऊन आले. बाहेर शिवजयंतीचे ढोल चाललेत, खिडकी लावली तरी टेबल थरथरतंय. पण आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या मी पुन्हा काहीतरी झाकून लिहीन.

यशोदाबाई उताण्या पडल्या होत्या. मला बघून रडायलाच लागल्या. म्हटलं खूप दुखतंय का? तर म्हणाल्या, “दुखतंय त्याचं काय नाय गं ताई. समदे मलाच बोलत्यात. ती केंद्रातली पोरगी म्हनती, आजींनी सोताच चाळीस सांगितलं. ल्योक म्हनतो, म्हातारपनी कशापायी फुशारकी मारायची. तू सांग ना त्यास्नी. मी उचलायची का नाय चाळीस?”

मीना पाण्याची बाटली घेऊन उभी. मुलगा दारात उभा. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणू शकले असते, हो, उचलायच्या. माझ्या वहीत तसंच लिहिलंय. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. सगळं सांगितलं. प्लेटा, काटा, साडेसोळा, सगळं.

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग म्हणाल्या, “म्हंजे चाळीस कदी नव्हतंच?”

“नव्हतं. तेहतीस होतं.”

“लय जड लागायचं पन.”

“जडच होतं हो.”

कमरेपेक्षा हेच त्यांना जास्त लागलं असं मला वाटलं. त्यांनी शेजारणींना सांगितलं होतं, नातवाच्या शाळेत सांगितलं होतं. त्यांचं चाळीस मी एका वाक्यात काढून घेतलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “तुला कवा कळलं हे?”

“दिवाळी झाल्यावर.”

त्या बोटांवर मोजायला लागल्या. खरंच मोजलं ग त्यांनी, अंगठ्याने एकेक पेर दाबत. “मी तुला फोन केला तवा संक्रांत याची व्हती,” म्हणाल्या. “म्हंजे तुला तवा म्हाईत व्हतं.”

आता ऐक. नऊ जानेवारीच्या पत्रात मी लिहिलंय, दोन मिनिटं बोललो, ठेवला. काय बोललो ते लिहिलं नाही. यशोदाबाईंनी विचारलं होतं, “ताई, जाऊ का गं तिथं? तू म्हनशील तसं.” आणि मी म्हटलं होतं, “जा की, छान जागा आहे. जाताना आपलं जुनं कार्ड घेऊन जा आणि दाखवा, म्हणजे पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही.” ते कार्ड आठवतं ना, प्रत्येकीला शेवटच्या दिवशी दिलेलं, तिचं सगळ्यात मोठं वजन लिहून खाली माझी सही. मला वाटलं, जाऊ दे माझ्या सहीचं कार्ड तिच्या केंद्रात. कळू दे तिथल्या पोरींना, या बायका कुणी तयार केल्या. एवढ्यासाठी, स्नेहल! त्या पोरीने बत्तीस किलो तुझा तक्ता बघून लावले, पण चाळीस हा आकडा तिला दिला माझ्या कार्डाने.

आणि मी काय केलं? त्या घरातून फोनवर एक्स-रे मागवला. मला तिच्या सासूची काळजी वाटतेय असं समजून मीनाने तो पाठवला.

यशोदाबाई पुढे एवढंच म्हणाल्या, “तू जा आता.” शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी ‘आजीबळ’च्या कार्यालयात फोन लावला. सुट्टी असूनही कुणीतरी उचलला. सांगितलं, आजपासून एकाही बाईला तक्त्याप्रमाणे वजन देऊ नका, तक्ता काढून टाका. मग मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नोव्हेंबरमध्येच माझ्याकडे का आली नाहीस?” मी म्हटलं, मला तिला सगळ्यांसमोर पाडायचं होतं. म्हणाल्या, “पाडलंस की. पण भलतीलाच.”

तुझ्यावरचा राग गेला असेल असं समजू नकोस. आहे तिथेच आहे. फक्त आता त्याला एकटं बसवत नाहीये, शेजारी मीही बसलेय.

रोशनी


१ मार्च २०२५, शनिवार

स्नेहल,

गुरुवारी तुझं नाव फोनवर उमटलं तेव्हा मी भाकरी थापत होते. दोन वर्षांनी. पिठाच्या हातानेच उचलला.

तू आधी रडलीस. मग म्हणालीस, बाबांनी तेव्हा स्थळं बघायला सुरुवात केली होती, हातात एक पेपर नसता तर तुला नांदगावला नेऊन उभं केलं असतं. खरं असेल. मी खोटं म्हणत नाही. पण मला सुरगाण्याला न्यायला कुणी गाडी पाठवणार नव्हतं म्हणून माझं काही जाणारच नव्हतं, असं तुला का वाटलं?

मग तू जे बोललीस ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवते. “रोशनी, आपण दोघी मिळून दुरुस्तीपत्र काढू. पेपरवर पहिलं नाव तुझं टाकते, सरांशी बोललेय मी. प्रबंधातही तुझं काम म्हणून वेगळं प्रकरण लिहिते. फक्त एक कर. तुला हे नोव्हेंबरपासून माहीत होतं हे कुठे बोलू नकोस, आणि यशोदाबाईंचं नाव मध्ये आणू नकोस. त्यांच्या उपचाराचं केंद्र बघेल. दोघींचंही भलं होईल ग.”

पहिलं नाव. दोन वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते, स्नेहल. झोपेत ऐकलं होतं, बसमध्ये ऐकलं होतं. आणि तू ते बोललीस तेव्हा मला खरोखर आनंद झाला, लाज वाटते सांगायला. मी ‘नाही’ म्हटलं नाही. म्हटलं, एक दिवस दे.

तो दिवस मी काय केलं सांगते. यशोदाबाई घरी आल्यात, पट्टा बांधून. मी गेले. मीनाने दार उघडलं, पाणी दिलं, ‘बसा’ म्हटलं नाही. आतल्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता, नातवाला सांगत होत्या, “दप्तर मला उचलता येत न्हाई रं राजा, तूच घे.” मी पाणी पिऊन निघाले. त्या बाहेर आल्या नाहीत, मीही आत गेले नाही.

घरी येऊन पेपरच्या पहिल्या पानावर माझं नाव कसं दिसेल ते कागदावर लिहून पाहिलं. छान दिसत होतं. दोन-तीन वेळा लिहिलं. मग ध्यानात आलं, ते नाव तिथे जायचं तर यशोदाबाई आयुष्यभर फुशारकी मारणारी म्हातारी राहणार. मुलगा बोलणार, केंद्रातली पोरगी बोलणार, आणि आपण दोघी पेपरात शेजारी शेजारी बसणार. तू मला तुझ्याइतकीच चोर करून घ्यायला निघाली होतीस, आणि मी जवळजवळ निघालेच होते.

तेव्हा विद्यापीठाकडे तक्रार केली. काल सकाळी दिली, पोच घेतली. मॅडमनी मसुदा वाचला, ‘मला हे नोव्हेंबरपासून माहीत होतं’ या पहिल्याच मुद्द्यावर बोट ठेवून विचारलं, “हा पहिला मुद्दा हवाच आहे का? तुझं रजिस्ट्रेशन जाऊ शकतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतेयस तू.” मी म्हटलं, असेल तसं. अपशकुन मात्र नक्की होऊ दे.

नोव्हेंबरपासूनची ही सगळी पत्रं पुरावा म्हणून जोडलीत, झेरॉक्स काढून. पेढ्यांच्या पुड्याबद्दल लिहिलेलंही त्यात आहे. एक्स-रे मागवला तेही आहे. पाच आठवडे थांबते असं मी लिहिलंय, तेही समिती वाचेल. एकही ओळ खोडलेली नाही. तुझा पेपर, भावाच्या लग्नाआधी मी तुला पाठवलेले मेल आणि त्यांच्या तारखा, तेही जोडलंय. माझ्या कबुलीमागे तुला लपता येणार नाही, तशी सोय मी ठेवलेली नाही.

मूळ पत्रं मात्र तुझी आहेत, तुला लिहिलेली. एकवीस मार्चपर्यंत आता कशाला थांबू? तुझी व्हायव्हा पुढे गेली असं आज कळलं. म्हणून हा गठ्ठा आजच स्पीड पोस्टाने पाठवते.

यशोदाबाईंना तक्रारीची एक प्रत मीनाकरवी दिली. त्यात ठळक लिहिलंय की त्यांनी सांगितलेला आकडा आम्हीच त्यांना दिला होता आणि त्यांनी काहीही वाढवून सांगितलं नाही. मुलाने वाचून दाखवली म्हणे. त्या माझ्याशी अजून बोललेल्या नाहीत.

तुझी प्रत सोबत आहे. तक्रार कुणाविरुद्ध, अशी वर जागा असते, तिथे दोन नावं आहेत. पहिलं नाव माझंच टाकलंय. तुझं दुसरं.

रोशनी